धातूच्या पोटातली हालचाल वाचताना

भंडारा शहराचे नाव विदर्भात पितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाते. गुंड, गडवा, परात, हंडा या घरोघरच्या वस्तू इथल्या कारागिरांच्या हातून घडत आल्या. जिल्ह्याची धातूंशी ओळख मात्र भांड्यांपुरती नाही. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मॉइलच्या मँगनीज खाणी आहेत. वरठीला सनफ्लॅगचा कारखाना मिश्रपोलाद तयार करतो आणि गडेगावच्या अशोक लेलँडच्या प्रकल्पात वाहनांचे गिअरबॉक्स बनतात. जमिनीतले खनिज, भट्टीतले पोलाद, गाडीतला दातेरी भाग आणि स्वयंपाकघरातले भांडे ही धातूची चारही रूपे एका जिल्ह्यात पाहायला मिळावीत, असे फार थोड्या ठिकाणी घडते.

या चारही ठिकाणी शेवटी एकच प्रश्न विचारला जातो. हा धातू किती भार सोसेल, किती वाकेल आणि कधी तडकेल? त्याचे उत्तर धातूच्या पोटात, अणूंच्या रांगांमध्ये असलेल्या एका दोषाच्या हालचालीत दडलेले आहे. शास्त्रज्ञ त्याला डिसलोकेशन म्हणतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे ही हालचाल आज डोळ्यांनी पाहता येते, तिचे चित्रण करता येते आणि संगणकाने ती मोजताही येते. जगभरच्या प्रयोगशाळांतून अशा चित्रांचा आणि आकड्यांचा पूर आला आहे. या माहितीचा अर्थ लावायचा कसा आणि तिच्यावर विश्वास ठेवायचा किती, हा प्रश्न धातूवर पोट असलेल्या जिल्ह्याने समजून घ्यायला हवा.

आधी कारागिराच्या ऐरणीकडे पाहू. पितळेचा पत्रा ऐरणीवर ठोकायला घेतला की सुरुवातीला तो हातोडीच्या मर्जीने वळतो. ठोके वाढत जातात तसा तो ताठर होतो, हातोडी उसळू लागते, आवाजही बदलतो. तरीही ठोकणे थांबवले नाही तर काठाला चीर जाते. म्हणून जाणता कारागीर वेळेवर हात आवरतो, पत्रा भट्टीत घालून ताव देतो आणि थंड झाल्यावर पुन्हा ठोकायला घेतो. ठोकणे, तावणे आणि पुन्हा ठोकणे या फेऱ्या भांडे पुरे होईपर्यंत चालतात. कोणत्याही पुस्तकाशिवाय पिढ्यांनी जपलेले हे ज्ञान अचूक आहे. त्यामागचे कारण विज्ञानाला कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

धातूतील अणू शिस्तीने रांगा करून, थरावर थर रचून बसलेले असतात. धातू वाकतो तेव्हा हे थर एकमेकांवरून सरकतात. सबंध थर एकाच वेळी सरकवायचा तर किती जोर लागेल, याचे गणित याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये मांडले. उत्तर चक्रावून टाकणारे होते. गणिताने सांगितलेल्या जोराच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी जोरात शुद्ध धातूचे स्फटिक प्रत्यक्षात वाकत होते. एवढी तफावत मोजमापातल्या चुकीने पडत नाही. थर सरकण्याची रीतच निराळी असली पाहिजे, असा त्याचा अर्थ होता.

१९३४ मध्ये जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे ती रीत सांगितली. धानाच्या बांधीत सरळ ओळींनी रोवणी झाली आहे आणि एक जादा ओळ एका धुऱ्यापासून निघून बांधीच्या मध्येच संपली आहे, असे समजा. ती जिथे संपते तिथे आजूबाजूच्या ओळी जरा वाकतात, जरा दाटतात. आता या अर्ध्या ओळीने शेजारच्या ओळीच्या पलीकडच्या अर्ध्याशी सांधा जुळवला, तर शेजारच्या ओळीचा अलीकडचा अर्धा भाग सुटा पडेल. दोष एक ओळ पुढे गेला, पण त्यासाठी कोणत्याही रोपाला फार हलावे लागले नाही. धातूत नेमके हेच होते. थर एकदम सरकत नाही. दोषाची रेषा थरातून एक-एक पाऊल पुढे जाते आणि ती पलीकडे पोचली की वरचा थर खालच्या थरावरून एका अणूच्या अंतराने सरकलेला असतो. जोर थोडा पुरतो, कारण एका वेळी थोडेच बंध तुटतात आणि जुळतात.

कारागिराच्या अनुभवाचे कोडे इथे उलगडते. चांगल्या तावलेल्या धातूतल्या एका घन सेंटिमीटरमधील या सर्व रेषा एकापुढे एक ठेवल्या तर त्यांची लांबी साधारण १० किलोमीटर भरते. तोच धातू जबर ठोकला की ती १० लाख किलोमीटर आणि त्याहूनही जास्त होते, म्हणजे पृथ्वी आणि चंद्र यांच्यातील अंतराच्या अडीचपटीहून अधिक. ठोकण्याने रेषा नव्याने जन्मतात. त्या एकमेकींना छेदतात, अडवतात, गुंततात. एकीला पुढे सरकायचे तर दुसऱ्या अनेकींचे अडथळे ओलांडावे लागतात आणि म्हणून धातू ताठर होतो. टेलर यांच्या सूत्रानुसार हा ताठरपणा रेषांच्या घनतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. घनता एक लाख पट झाली की त्यातून येणारी मजबुती सुमारे ३१६ पट होते. ताव दिल्यावर काही रेषा एकमेकींना भिडून नाहीशा होतात, उरलेल्यांची जागा रेषाविरहित नवे कण घेतात आणि पत्रा पुन्हा मऊ होतो.

१९३४ नंतरची बावीस वर्षे हा सगळा विचार कागदावरच होता. गणित जुळत होते, धातूचे वागणे समजत होते, पण धातूच्या आत सरकणारी रेषा कुणी पाहिली नव्हती. काही जाणकारांना ही केवळ सोयीची कल्पना वाटत होती. १९५६ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पीटर हर्श, रॉबर्ट हॉर्न आणि मायकेल व्हेलन यांनी ॲल्युमिनियमच्या अतिपातळ पापुद्र्यातून इलेक्ट्रॉनांचा झोत पार नेला. त्यांना रेषा दिसल्या, आणि झोत तीव्र केल्यावर त्या सरकतानाही दिसल्या. त्याच वर्षी वॉल्टर बॉलमन यांनी स्टेनलेस स्टीलमधील अशाच रेषांची चित्रे प्रसिद्ध केली. कागदावरची कल्पना त्या वर्षी डोळ्यांसमोर आली. धातुविज्ञानाच्या इतिहासात असे क्षण फार नाहीत.

हे पाहणे साध्या भिंगातून पाहण्यासारखे नसते. भंडाऱ्याच्या पितळेचा तुकडा तपासायचा असेल तर त्याचा पातळ काप काढतात, घासून तो कागदाइतका बारीक करतात आणि त्यातून ३ मिलीमीटर व्यासाची चकती छाटतात. मग आम्लाच्या दोन धारा दोन्ही बाजूंनी तिच्या मध्यावर सोडून, वीजप्रवाहाच्या साहाय्याने मधला भाग झिजवत नेतात. मध्ये बारीक भोक पडले की थांबतात. भोकाच्या कडेचा धातू सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका जाड उरतो. २०० किलोव्होल्ट दाबाने धावणारे इलेक्ट्रॉन तेवढ्याच जागेतून पार होतात. एवढ्या मेहनतीने मिळवलेली ही पारदर्शक कड जरा वाकली, जरा तापली किंवा तिच्यावर ऑक्साइड चढला, तर चित्र फसवे येते.

पहिली अडचण अशी की चित्रात दिसणारी काळी रेषा हा खुद्द दोष नसतो. दोषाभोवती अणूंचे थर वाकलेले असतात. त्या वाकलेल्या भागात इलेक्ट्रॉन निराळ्या दिशेने विखुरतात आणि त्या विखुरण्याची सावली पडद्यावर उमटते. नमुना झोताशी कोणत्या कोनात धरला आहे, यावर ती सावली उमटेल की नाही हे ठरते. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम यांच्या रचनेत अणूंच्या सरकण्याच्या सहा दिशा असतात. नमुना एका नेहमीच्या कोनात ठेवून चित्र घेतले तर त्या सहांपैकी तीन दिशांच्या रेषा मुळीच दिसत नाहीत. एकच चित्र पाहून रेषा मोजणारा माणूस निम्म्या रेषा गाळून बसण्याची शक्यता असते. म्हणून जबाबदार प्रयोगशाळा नमुना कलता करून निदान दोन-तीन कोनांतून चित्रे घेते आणि प्रत्येक चित्रासोबत तो कोन नोंदवते. ज्या चित्रासोबत ही नोंद नाही, त्यातून काढलेल्या आकड्याला पुराव्याचे वजन देता येत नाही.

दुसरी अडचण नमुन्याच्या आकाराची. सूक्ष्मदर्शकाच्या एका चित्रात पितळेचा जेवढा भाग येतो, तो एक ग्रॅम पितळेच्या दहा अब्जाव्या भागाच्या आसपास असतो. परातीच्या काठाचा, तळाचा आणि कुशीचा ताठरपणा सारखा नसतो, कारण तिन्ही जागी ठोके सारखे पडलेले नसतात. तेव्हा एका चित्रावरून साऱ्या परातीविषयी बोलायचे तर आधी अनेक जागांचे नमुने हवेत, अनेक चित्रे हवीत आणि त्यांच्यातला फरकही सांगायला हवा. सुबक चित्र छापायला निवडणे आणि बाकीची बाजूला ठेवणे हा मोह सगळीकडे असतो. धातूच्या अभ्यासात त्याची किंमत पुढे कुणाच्या तरी तुटलेल्या यंत्रभागाने चुकवावी लागते.

तिसरी अडचण त्या पापुद्र्याचीच आहे. जाड धातूत रेषा चहूबाजूंनी धातूने वेढलेली असते. पापुद्र्यात मात्र मोकळा पृष्ठभाग तिच्या अगदी जवळ असतो आणि तो तिला आपल्याकडे ओढतो. काही रेषा त्या ओढीने पृष्ठभागावर येऊन निसटून जातात. खुद्द इलेक्ट्रॉनांचा झोतही निरुपद्रवी नसतो. सुमारे १७० किलोव्होल्टच्या पुढे तो ॲल्युमिनियमच्या अणूंना जागेवरून उडवू शकतो. तांब्याला हा धोका त्याहून बऱ्याच वरच्या दाबाला येतो. जी हालचाल आपण पाहतो ती धातूची स्वतःची किती आणि आपल्या पाहण्याने घडलेली किती, हे प्रत्येक प्रयोगात पारखावे लागते.

या अडचणी सांगण्याचा हेतू सूक्ष्मदर्शकाचे मोल कमी करण्याचा नाही. नीट वाचले तर हे चित्रण फार मोठी माहिती देते. दोन अडथळ्यांमध्ये अडकलेली रेषा ताणाखाली धनुष्यासारखी वाकते आणि तिच्या वक्रतेवरून त्या जागचा ताण काढता येतो. पितळेत ही वक्रता १०० नॅनोमीटर त्रिज्येची असेल, तर ताण साधारण ५० मेगापास्कल भरतो. धातूच्या आत, एका ठिपक्याएवढ्या जागी असलेला ताण इतक्या थेट मोजण्याच्या रीती विज्ञानात थोड्याच आहेत. हालत्या चित्रांच्या मालिकेतून रेषेचा वेगही मिळतो. ओरोवान यांच्या सूत्रानुसार, एका चौरस मीटरमागे एक लाख कोटी सरकत्या रेषा असतील आणि प्रत्येकीचा वेग सेकंदाला मिलीमीटरचा हजारावा भाग असेल, तर धातूच्या आकारातला बदल दर सेकंदाला साधारण दहा हजारात अडीच भाग भरतो. ताण-चाचणीच्या यंत्रात पट्टी ओढण्याचा नेहमीचा वेगही याच्या आसपासचा असतो. सूक्ष्मदर्शकातला आकडा आणि चाचणी-यंत्रातला आकडा असे एकमेकांशी पडताळून पाहता येतात. दोन्ही जुळले की निष्कर्षाला पाय येतात. जुळले नाहीत, तर निष्कर्ष जाहीर करण्याआधी थांबून कारण शोधावे लागते.

पितळेविषयी या अभ्यासाने जे सांगितले ते भंडाऱ्याच्या दृष्टीने विशेष आहे. तांब्यात जस्त मिसळले की सरकणारी रेषा दोन समांतर रेषांमध्ये फुटते आणि त्यांच्यामध्ये थरांचा क्रम चुकलेली एक पट्टी राहते. ॲल्युमिनियममध्ये ही पट्टी जवळजवळ नसतेच, तांब्यात ती असते आणि ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळेत ती चांगलीच रुंद असते. रुंद पट्टीच्या रेषेला आपला थर सोडून बाजूच्या थरात वळता येत नाही. ती आपल्याच थरात धावते, अडथळ्यापाशी अडते आणि तिच्या मागून आलेल्या रेषांची तिथे रांग लागते. त्यामुळे पितळ ठोकल्यावर लवकर आणि चांगले ताठर होते. भांड्याला नंतर पोच पडत नाही, तो गुण इथून येतो. पण रांगेच्या तोंडाशी ताण साठतो आणि हाच साठलेला ताण पुढे घात करू शकतो.

असा घात किती मोठा असू शकतो, हे ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्याने पावसाळ्यात अनुभवले होते. पितळेच्या काडतुसांच्या नळ्या कोरड्या दिवसांत ठणठणीत राहत आणि पावसाळ्यात तबेल्याजवळच्या कोठारात पडल्या पडल्या तडकत. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचे कारण स्पष्ट केले. नळी ओढून घडवताना पितळेत ताण साठून राहतो. जनावरांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि हवेतला ओलावा त्या ताणलेल्या धातूला लागला की चीर पडते. उपाय महागडा नव्हता. घडवून झाल्यावर नळीला मंद ताव द्यायचा, एवढाच. या तावाने साठलेला ताण निघून जातो आणि ताठरपणा बराचसा कायम राहतो. भंडाऱ्याच्या पावसाळ्यात, गोठ्यालगत ठेवलेल्या ठोकीव भांड्यालाही हाच नियम लागू आहे. चीर गेलेल्या भांड्याचा दोष दरवेळी कारागिराच्या हातावर किंवा धातूतल्या भेसळीवर टाकणे म्हणूनच बरोबर नाही.

मँगनीजची गोष्ट आणखी बोलकी आहे. १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी सुमारे १२ टक्के मँगनीज आणि एक टक्क्याहून थोडा जास्त कार्बन असलेले पोलाद तयार केले. हे पोलाद जितका मार खाते तितके पृष्ठभागावर कठीण होत जाते आणि आतून चिवटच राहते. रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथे चाकांचे धक्के सोसायला ते वापरतात. नागपूर-हावडा मार्ग भंडारा रोड आणि तुमसर रोड या स्थानकांवरून जातो, तेव्हा या पोलादाचे काम जिल्ह्याने रोज पाहिलेले आहे आणि त्यातला मुख्य मिश्रघटक तुमसरच्या जमिनीतही सापडतो.

पण माराने ते कठीण का होते? आधी असे मानले गेले की मारामुळे पोलादाच्या आतील रचनाच बदलते आणि मार्टेन्साइट नावाची कठीण अवस्था तयार होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पोलादाचे पापुद्रे तपासले तेव्हा मार्टेन्साइटचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. थरांच्या क्रमातले दोष आणि स्फटिकात उमटलेल्या आरशासारख्या जुळ्या पट्ट्या मात्र भरपूर दिसल्या, आणि रेषांना अडवून पोलाद कठीण करणाऱ्या याच, असे मत पुढे आले. १९८१ मध्ये दस्तूर आणि लेस्ली यांनी निराळे स्पष्टीकरण मांडले. मँगनीज आणि कार्बन यांच्या अणूंच्या जोड्या सरकत्या रेषेजवळ आपली जागा बदलून तिला धरून ठेवतात, हे त्यांच्या मते कठीण होण्याचे मुख्य कारण होते. त्यानंतरही या घटकांपैकी कोणाचा वाटा किती, यावर चर्चा चालूच राहिली.

या वादातून एक धडा घेण्यासारखा आहे. सूक्ष्मदर्शकाने जुने स्पष्टीकरण खोडले, हे त्याचे मोठे काम. नवे स्पष्टीकरण त्याने एकट्याने सिद्ध केले नाही, कारण चित्रात पट्ट्या दिसतात म्हणून सारी मजबुती त्यांच्यामुळेच आली असे होत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या तापमानांना आणि वेगांना चाचण्या घ्याव्या लागल्या. चित्र काय आहे ते दाखवते. ते कशामुळे घडले, हे ठरवायला चित्राखेरीज दुसरा पुरावा लागतो.

आज या कामात संगणकाची भर पडली आहे. नव्या कॅमेऱ्यांतून सेकंदाला शेकडो चित्रे येतात, ती माणसाने एकेक करून पाहणे अशक्य आहे. म्हणून रेषा ओळखण्याचे आणि त्यांचा मागोवा घेण्याचे काम शिकवलेल्या संगणक-प्रणालींवर सोपवले जाते. ही प्रगती स्वागतार्ह आहे. जी मोजणी पूर्वी महिनाभर चाले ती काही तासांत होते आणि मोजणाऱ्याच्या थकव्याने होणाऱ्या चुका टळतात. पण प्रणालीला जे शिकवले तेच ती ओळखते. पापुद्रा वाकल्याने पडणारे गडद पट्टे आणि जाडी बदलल्याने उमटणाऱ्या रेघा यांनाही ती डिसलोकेशन समजू शकते. पितळेवर शिकलेली प्रणाली पोलादावर तितकीच खरी ठरेल, याची हमी नसते. माणूस चुकला तर तो शंभर रेषांत चुकतो. प्रणाली चुकली तर तीच चूक लाखो रेषांत सारखी होते आणि आकडे मोठे असल्यामुळे ती अधिक विश्वासार्ह वाटते.

म्हणून काही गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. चित्रासोबत नमुन्याचा कोन, जाडी आणि झोताचा दाब नोंदवलेला असावा. किती नमुने घेतले आणि किती वगळले, ते सांगितलेले असावे. संगणकाच्या मोजणीचा काही भाग जाणत्या माणसाने हाताने पडताळलेला असावा. मूळ चित्रे इतरांना तपासायला खुली असावीत, विशेषतः संशोधन सार्वजनिक पैशातून झाले असेल तेव्हा. आणि सूक्ष्मदर्शकातल्या निष्कर्षाला ताण-चाचणीची किंवा कठीणपणाच्या मोजमापाची जोड असावी. यातली एकही अट अवघड नाही. चांगल्या प्रयोगशाळा त्या पाळतात, सर्वांनी पाळाव्यात एवढेच म्हणणे आहे.

आता भंडाऱ्यापुरते बोलू. प्रत्येक पितळ-कारखान्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा, असे कुणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये. ते कोट्यवधी रुपयांचे, जपायला कठीण आणि चालवायला प्रशिक्षित माणसे लागणारे यंत्र आहे. भांडे घडवणाऱ्याला हवे असते ते त्यातून निघालेले साधे उत्तर: अमुक मिश्रणाच्या पत्र्याला इतक्या ठोक्यांनंतर ताव द्या, इतक्या तापमानाला इतका वेळ द्या, शेवटचा मंद ताव चुकवू नका. भट्टीच्या रंगावरून ताव ओळखणारी नजर मोलाची आहे. त्या नजरेला तापमापकाची जोड मिळाली तर एका कारागिराचा अनुभव दुसऱ्याला आकड्यांत देता येईल आणि तो त्याच्यासोबत संपणार नाही. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखालीही तावलेल्या पितळेचे कण आणि त्यांतल्या सरळ कडांच्या पट्ट्या स्वच्छ दिसतात. असा एक सूक्ष्मदर्शक आणि कठीणपणा मोजण्याचे एक यंत्र ही जिल्ह्यातल्या तंत्रशिक्षण संस्थांच्या आवाक्यातली गोष्ट आहे. तेवढ्यावर नेहमीच्या बहुतेक प्रश्नांचा निकाल लागतो.

जे प्रश्न तिथे सुटणार नाहीत त्यांच्यासाठी वाट लांब नाही. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटरवर आहे. तिथे विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत धातुविज्ञानाचा विभाग आहे आणि ॲल्युमिनियमच्या संशोधनासाठी जवाहरलाल नेहरूंच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईच्या आयआयटीमध्ये अत्याधुनिक उपकरणांचे सामायिक केंद्र बाहेरच्या संशोधकांचे नमुने तपासून देते. देशभरातल्या प्रयोगशाळांतली उपकरणे शोधून त्यांच्यावर वेळ मागण्यासाठी केंद्र सरकारने आय-स्टेम नावाची व्यवस्थाही उभी केली आहे. मोठे कारखाने आपल्या गरजा आपण भागवतात. अडचण छोट्या कारागिराची आहे. आपला प्रश्न कुठे न्यायचा, कुणाशी बोलायचे आणि नमुना कसा द्यायचा, हे त्याला कुणी सांगत नाही. प्रयोगशाळेची भाषा त्याला परकी असते आणि ऐरणीवरची भाषा संशोधकाला.

हे अंतर भरून काढायला मोठी योजना लागत नाही. जिल्हा उद्योग केंद्र, तंत्रशिक्षण संस्था आणि कारागिरांच्या संघटना यांनी वर्षातून एकदा एकत्र बसावे, कारागिरांनी तडकलेली, फाटलेली, पोच पडलेली भांडी सोबत आणावीत आणि संशोधकांनी ती तपासायला न्यावीत. निष्कर्ष मराठीत, दोन पानांत, भट्टीवर लावता येईल असा लिहून परत द्यावा. धातुविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रकल्पासाठी परदेशी शोधनिबंधातला मिश्रधातू घेण्याआधी भंडाऱ्याची परात आणि तुमसरचे मँगनीज यांचा विचार करावा. इथल्या प्रश्नांवर केलेले चांगले काम जगातल्या कुठल्याही नियतकालिकात मान पावू शकते, कारण पितळेतल्या रेषा केंब्रिजमध्ये आणि भंडाऱ्यात एकाच नियमाने सरकतात.

सूक्ष्मदर्शकातली चित्रे देखणी असतात आणि देखण्या चित्रावर विश्वास पटकन बसतो. त्यांच्यापुढे शंका घेऊन उभे राहणे हा विज्ञानाचा अपमान नाही, विज्ञानाची तीच रीत आहे. ज्या निष्कर्षामागे अनेक नमुने आहेत, सांगितलेल्या अटी आहेत आणि स्वतंत्र चाचणीची साक्ष आहे, तोच स्वीकारावा. आणि स्वीकारलेला निष्कर्ष शोधनिबंधात पडून न राहता ऐरणीपर्यंत पोचावा, याची जबाबदारी जिल्ह्यातल्या शिक्षणसंस्थांनी आणि उद्योग खात्याने घ्यावी. पहिली बैठक बोलावण्यासाठी कुठल्याही नव्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. ती याच वर्षी बोलवावी.